संगणकाचे अडखळणे आणि फर्मवेअरमधील सुरक्षा-घटक

चालू असलेला संगणक क्षणभर थिजावा, पडद्यावरील दर्शक जागच्या जागी थांबावा, ध्वनी तुटक किंवा खरखरत ऐकू यावा आणि एकदोन सेकंदांनंतर काहीच न घडल्याप्रमाणे सर्व व्यवहार पूर्ववत सुरू व्हावेत, या दोषास सामान्यतः संगणकाचे अडखळणे असे म्हणतात. अपुरी स्मृती, झिजलेली चकती, तापलेला प्रोसेसर, सदोष वीजपुरवठा, विषाणू इ. अनेक कारणांनी तो उद्‍भवू शकतो. २०२१ ते २०२३ या काळात मात्र त्याचे एक अगदी निराळे कारण उघडकीस आले. एएमडी या अमेरिकन कंपनीच्या रायझन मालिकेतील प्रोसेसर असलेल्या काही संगणकांत, संगणकाच्या रक्षणासाठी म्हणून फर्मवेअरमध्ये अंतर्भूत केलेला घटकच त्याच्या कामात खंड पाडीत असल्याचे सिद्ध झाले. हा दोष अल्पजीवी ठरला, तरी त्याचा शोध ज्या रीतीने लागला ती रीत आणि त्यामागील सु. तीस वर्षांचा इतिहास उद्‍बोधक आहे.

संगणक सुरू होताच सर्वप्रथम चालणारी, मदरबोर्डवरील एका लहान चिपमध्ये कायम साठविलेली आज्ञावली म्हणजे फर्मवेअर होय. १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हापासून या आज्ञावलीस बायॉस हे नाव रूढ झाले. आरंभी ती केवळ वाचता येणाऱ्या स्मृतीत असे. ती बदलावयाची तर चिपच बदलावी लागे. १९९० नंतरच्या दशकात तिच्या जागी विजेच्या साहाय्याने पुसता व पुन्हा लिहिता येणारी फ्लॅश स्मृती आली. सुधारित आवृत्ती घरबसल्या भरता येऊ लागली, ही सोय मोठीच होती. परंतु निर्मात्याला जे लिहिता येते ते घुसखोरालाही लिहिता येते, हा धोका त्याबरोबरच आला.

परिचालन प्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीम, जागी होण्यापूर्वीच संगणकाचा ताबा घेणाऱ्या विषाणूंचा परिचय भारताला याआधीच झाला होता. जून १९९० मध्ये भारतात आढळलेला ‘जोशी’ हा विषाणू चकतीच्या आरंभ-विभागात दडून बसे. दरवर्षी ५ जानेवारीस तो संगणक अडवून धरी आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ अशी अक्षरे कळफलकावर उमटविल्याखेरीज पुढचे काम होऊ देत नसे. (आडनावामुळे मराठी वाचकास हा विषाणू घरचा वाटण्याचा संभव आहे, तथापि जोशी हे आडनाव महाराष्ट्राबाहेरही आढळते, त्यामुळे केवळ त्यावरून कर्त्याचा प्रांत ठरविणे योग्य होणार नाही.) जोशीचा स्वभाव बराचसा थट्टेखोर होता. १९९८ मध्ये तैवानात तयार झालेल्या सीआयएच या विषाणूची गोष्ट वेगळी होती. २६ एप्रिल १९९९ रोजी तो जागा झाला, तेव्हा त्याने चकतीवरील माहिती तर नष्ट केलीच, शिवाय काही प्रकारच्या मदरबोर्डांवरील बायॉसही पुसून टाकले. असे संगणक मग सुरूच होईनासे झाले. जी आज्ञावली सर्वांआधी चालते तीच भ्रष्ट झाली, तर तिच्यावर उभ्या असलेल्या कोणत्याही संरक्षणाला अर्थ राहत नाही, हे या दोन्ही उदाहरणांवरून स्पष्ट झाले.

यावर उपाय म्हणून १९९९ मध्ये कॉम्पॅक, एचपी, आयबीएम, इंटेल व मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी एक संघ स्थापन केला. २००३ मध्ये त्याची जागा ट्रस्टेड काँप्युटिंग ग्रुप या संस्थेने घेतली. तिच्या संस्थापकांत एएमडीही होती. या संस्थेने ज्या घटकाचे प्रमाणित वर्णन केले त्यास ट्रस्टेड प्लॅटफॉर्म मोड्यूल, संक्षेपाने टीपीएम, असे म्हणतात. त्याचे कार्य बँकेतील तिजोरी-कक्षाच्या पहारेकऱ्यासारखे असते. संगणक सुरू होताना चालणाऱ्या प्रत्येक आज्ञावलीचा गणिती ठसा क्रमाने त्याच्याकडे नोंदला जातो. सर्व ठसे अपेक्षेप्रमाणे जुळले, तरच तो आपल्याजवळील गुप्त किल्ली बाहेर देतो आणि त्या किल्लीने चकतीवरील कूटबद्ध मजकूर उलगडतो. मायक्रोसॉफ्टने २००६ च्या अखेरीस पूर्ण केलेल्या विंडोज व्हिस्टा या प्रणालीत बिटलॉकर या नावाने ही योजना प्रत्यक्षात आली. टीपीएमचे वर्णन २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारले गेले आणि त्याची २.० ही आवृत्ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. या योजनेस विरोधही झाला. मुक्त आज्ञावलींच्या चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी २००२ मध्येच असा आक्षेप घेतला होता की, अशा घटकामुळे संगणक त्याच्या मालकाच्या ऐवजी कंपन्यांच्या आज्ञेत राहू लागेल. टीपीएममुळे होणाऱ्या खोळंब्याचा विचार मात्र त्या वादात प्रमुख नव्हता.

आरंभीचे टीपीएम ही मदरबोर्डवर डाखलेली स्वतंत्र चिप असे. तिची स्मृती, तिचा प्रोसेसर, सर्व काही तिच्यापुरते होते. ही चिप महाग नसली, तरी लक्षावधी मदरबोर्डांच्या हिशेबात तिचा खर्च व जागा डोळ्यांवर येई. दरम्यान प्रोसेसरच्या पोटातच एक छोटा, स्वतंत्र सुरक्षा-प्रोसेसर बसविण्याची प्रथा पडली. एएमडीने सु. २०१३ पासून आपल्या उत्पादनांत आर्म पद्धतीचा असा प्रोसेसर अंतर्भूत केला. इंटेलनेही त्याच सुमारास आपल्या पद्धतीने तशीच सोय केली. हा सुरक्षा-प्रोसेसर असतानाच वेगळी चिप कशासाठी, असा प्रश्न साहजिकच पुढे आला आणि टीपीएमचे काम त्याच्यावर चालणाऱ्या आज्ञावलीकडे सोपविण्यात आले. यासच फर्मवेअर टीपीएम किंवा एफटीपीएम असे म्हणतात. भ्रमणध्वनी व टॅब्लेट यांत ही पद्धत आधीच वापरात होती. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात तर असे दाखविले होते की, एफटीपीएम स्वतंत्र चिपांपेक्षा पुष्कळच वेगाने काम करतो. आकडेमोडीपुरते ते खरेही होते.

अडचण आकडेमोडीत नव्हती, साठवणीत होती. टीपीएमला किल्ल्या, गणक व चुकीच्या प्रयत्नांची नोंद वीज गेल्यावरही टिकेल अशा ठिकाणी ठेवावी लागते. सुरक्षा-प्रोसेसरजवळ तशी स्वतःची जागा नसल्याने हे सर्व मदरबोर्डवरील ज्या फ्लॅश चिपमध्ये बायॉस असते तिच्यातच ठेवण्यात आले. ही चिप साधारणतः १६ किंवा ३२ मेगाबाइट क्षमतेची असते. तिच्याशी होणारी देवघेव एका अरुंद, क्रमिक वाहिनीवरून चालते. शिवाय फ्लॅश स्मृतीचा धर्मच असा की, तीत लिहिलेल्या जागी पुन्हा लिहिण्यापूर्वी तो सबंध विभाग आधी पुसावा लागतो. पाटीवरचे एक अक्षर बदलण्यासाठी अख्खी ओळ पुसण्यासारखाच हा प्रकार आहे. चार किलोबाइटांचा एक विभाग पुसण्यास अशा चिपांना काही दशक मिलिसेकंद आणि प्रतिकूल स्थितीत ४०० मिलिसेकंदांपर्यंतही वेळ लागू शकतो. पडद्यावर दर सेकंदास ६० चित्रे उमटत असतील, तर प्रत्येक चित्राच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात. म्हणजे एकाच विभागाच्या पुसणीत २४ चित्रांचा अवधी निघून जाऊ शकतो. असे व्यवहार लागोपाठ घडले, तर खंड एकदोन सेकंदांचा होतो. सामान्यतः ही चिप संगणक सुरू होताना वाचली जाते आणि पुढे क्वचितच लागते, म्हणून तिच्या मंदगतीची कोणास झळ पोहोचत नव्हती. कामाच्या ऐन भरात तिच्याकडे जाण्याची पाळी एफटीपीएममुळे आली.

मार्च २०१७ मध्ये पहिले रायझन प्रोसेसर बाजारात आले, तेव्हापासून एफटीपीएमची सोय त्यांच्याबरोबर होती; परंतु सुटे भाग जोडून तयार केलेल्या संगणकांत ती बहुधा बंद ठेवलेली असे आणि ती आहे हेही अनेकांच्या गावी नव्हते. २४ जून २०२१ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ ची घोषणा केली आणि टीपीएम २.० ही तिची अट असल्याचे सांगितले, तेव्हा चित्र पालटले. मदरबोर्डच्या निर्मात्यांनी एफटीपीएम आपोआप चालू करणाऱ्या बायॉस-आवृत्त्या त्याच वर्षी प्रसिद्ध केल्या. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी विंडोज ११ उपलब्ध झाले. व्हॅलोरंट यासारख्या काही खेळांनीही विंडोज ११ वर टीपीएम आवश्यक ठरविले. चार वर्षे निद्रिस्त असलेला घटक अशा रीतीने अल्पावधीत असंख्य संगणकांत एकदम जागा झाला. जी यंत्रणा पूर्वी व्यापक प्रमाणावर अजमावली गेलीच नव्हती, तिच्यातील उणीव दिसून येण्यास ही परिस्थिती पुरेशी होती.

तक्रारी येऊ लागल्या त्या अशा : दिवसातून काही वेळा, कोणत्याही ठराविक कामाशी संबंध नसताना, संगणक एकदोन सेकंद अडखळतो, आवाज फाटतो आणि पुन्हा सर्व सुरळीत होते. निदान अवघड होण्यास काळही प्रतिकूल होता. फेब्रुवारी २०२१ मध्येच काही रायझन संगणकांवरील यूएसबी जोडण्या मधूनच तुटत असल्याचे एएमडीने मान्य केले होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ वर रायझनच्या अंतर्गत द्रुतस्मृतीचा वेग घटतो, असा वेगळाच दोष आढळला व त्याच महिन्यात दुरुस्तही झाला. त्यामुळे नव्या अडखळण्याचे खापर आलटून पालटून या जुन्या दोषांवर, चित्रपत्त्याच्या आज्ञावलीवर, स्मृतीच्या पट्ट्यांवर आणि विंडोज ११ वर फोडले गेले. वस्तुतः दोष विंडोज १० वरही होता.

खरी अडचण मात्र याहून खोल होती. परिचालन प्रणालीवर चालणारी तपासणी-साधने प्रणालीला जे दिसते तेच सांगू शकतात. प्रणालीच्या खालच्या थरात घडणारा विराम तिला विराम म्हणून दिसतच नाही. तिच्या दृष्टीने दोन क्षणांमधील काळ केवळ हरवलेला असतो. असे अदृश्य विराम नवे नव्हते. इंटेलने १९९० मध्ये ३८६एसएल या प्रोसेसरात प्रणालीच्या नकळत फर्मवेअरला काम करू देणारी एक विशेष अवस्था आणली, तेव्हापासून ध्वनिमुद्रण करणारे व यंत्रनियंत्रणात काटेकोर वेळ पाळावी लागणारे तंत्रज्ञ त्यांविषयी तक्रार करीत आले आहेत. लिनक्स प्रणालीत २०१६ मध्ये अशा हरवलेल्या काळाचा माग काढणारे एक साधन समाविष्ट झाले, ते याच कारणासाठी. एफटीपीएमच्या बाबतीत मात्र निदान झाले ते जुन्याच पद्धतीने, एकेक संशयित दूर करून. कोणी चित्रपत्ता बदलला, कोणी स्मृती, कोणी प्रणाली नव्याने भरली. शेवटी ज्यांनी बायॉसमध्ये जाऊन एफटीपीएम बंद केला त्यांच्याकडील अडखळणे थांबले. पुन्हा चालू केल्यावर ते परत आले. या शोधाचे श्रेय कोणा प्रयोगशाळेपेक्षा चिकाटीने नोंदी ठेवणाऱ्या सामान्य वापरकर्त्यांस अधिक द्यावे लागेल.

मार्च २०२२ मध्ये एएमडीने दोष जाहीरपणे मान्य केला. काही रायझन संगणकांत एफटीपीएमचे मदरबोर्डवरील फ्लॅश चिपशी होणारे व्यवहार मधूनमधून लांबतात आणि ते पूर्ण होईपर्यंत संगणक तात्पुरता प्रतिसाद देईनासा होतो, असे तिचे स्पष्टीकरण होते. सुधारित बायॉस मे २०२२ च्या आरंभापासून मिळू लागतील, असेही तिने कळविले. तोवर ज्यांच्या मदरबोर्डवर जागा असेल त्यांनी टीपीएमची स्वतंत्र चिप बसवावी, असा पर्याय सुचविण्यात आला. फर्मवेअरची दुरुस्ती विंडोजच्या नित्याच्या सुधारणांप्रमाणे आपोआप पोहोचत नाही. एएमडी आपल्या आज्ञावलीचा गाभा मदरबोर्डच्या निर्मात्यांस देते, ते तो आपापल्या प्रत्येक नमुन्याच्या बायॉसमध्ये मिसळतात आणि सुट्या भागांच्या संगणकांत अखेरचे पाऊल मालकाला किंवा त्याच्या दुरुस्तीवाल्याला स्वतः उचलावे लागते.

हे अखेरचे पाऊल किती जोखमीचे ठरते, हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडीसारख्या ठिकाणाचा विचार केल्यास लक्षात येते. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी या पाठ्यक्रमामुळे राज्यातील तालुक्याच्या गावांतही संगणकाची ओळख घरोघर झाली आणि त्याबरोबर दुरुस्तीचा व्यवसायही वाढला. दक्षिण कोकणात वर्षास सरासरी ३,००० मिमी.च्या पुढे पाऊस पडतो. हवा दमट, समुद्र जवळ, पावसाळ्यात विजांचे थैमान. अशा हवेत संगणक अडखळला, की स्मृतीच्या पट्टीच्या टोकांना चढलेला गंज, आत शिरलेल्या मुंग्या, विजेचा कमीजास्त दाब आणि वीजपुरवठ्याचा खोका यांच्यावर प्रथम संशय घेणे हे अनुभवास धरूनच आहे व बहुधा बरोबरही ठरते. पण त्यामुळेच फर्मवेअरमधील दोष येथे अधिक काळ दडून राहू शकतो. पट्टी पुसून बसविली, की दोष एकदोन दिवस आढळत नाही, कारण तो मुळातच दिवसातून क्वचित प्रकट होणारा. आणि मग निर्दोष भागांवर खर्च होत राहतो. दमटपणामुळे येणारा दोष सहसा हवेप्रमाणे कमीजास्त होतो, कित्येकदा संगणक पूर्ण बंद पाडतो. एफटीपीएमचा दोष ऋतू पाहत नाही. तो थोडा वेळ थांबवितो आणि मागे खूण न ठेवता निघून जातो. निदानासाठी हा भेद उपयुक्त आहे.

निदान झाल्यावरही दोन संकटे उरतात. पहिले विजेचे. बायॉसची नवी आवृत्ती लिहिली जात असताना वीज गेली, तर अर्धवट लिहिलेली चिप संगणक सुरू करू शकत नाही. १९९९ मध्ये सीआयएचने जे केले तेच मग दुरुस्तीच्या हातून घडते. वीज खात्रीने टिकविणारे यूपीएस जोडल्याखेरीज, विशेषतः जून ते सप्टेंबरमध्ये, हे काम हाती घेणे उचित नव्हे. काही मदरबोर्डांवर चिप पुन्हा भरण्याची वेगळी सोय असते, पण ती सर्वांवर नसते.

दुसरे संकट अधिक गंभीर आहे आणि त्याची कल्पना अनेकांस नसते. चकती बिटलॉकरने किंवा विंडोजच्या आपोआप होणाऱ्या कूटलेखनाने बंद केलेली असेल, तर तिची किल्ली एफटीपीएमच्या स्वाधीन असते. बायॉस बदलले किंवा एफटीपीएम बंद केला, की ठसे जुळत नाहीत व संगणक ४८ अंकी पुनःप्राप्ती-किल्ली मागतो. बायॉस बदलल्यानंतर किंवा नवा प्रोसेसर बसविल्यानंतर काही रायझन मदरबोर्ड एफटीपीएम नव्याने सुरू करावयाचा का, असा प्रश्नही विचारतात. सवयीने ‘होय’ म्हटले, की आतील किल्ल्या नाहीशा होतात. ४८ अंकी किल्ली जवळ नसल्यास चकती शाबूत असूनही तीवरील कागदपत्रे, हिशेब व छायाचित्रे कायमची गेली असे समजावे. विंडोज ११ च्या २०२४ मधील आवृत्तीपासून नव्याने भरलेल्या प्रणालीत, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केल्यास, हे कूटलेखन पूर्वीपेक्षा अधिक संगणकांवर आपोआप चालू होते. म्हणजे मालकाने ते कधी मागितलेलेच नसते. म्हणून क्रम असा ठेवावा लागतो : प्रथम मालकाच्या खात्यातून किंवा त्याने छापून ठेवलेल्या कागदावरून पुनःप्राप्ती-किल्ली मिळविणे, माहितीची दुसरी प्रत काढणे, कूटलेखन स्थगित करणे आणि त्यानंतरच बायॉसला हात लावणे. एक सेकंदाच्या अडखळण्यावर इलाज करताना दहा वर्षांची माहिती गमावण्याचा हा धोका एएमडीच्या निवेदनातही सूचित होता. टीपीएम बदलण्यापूर्वी त्यावर आधारलेले कूटलेखन बंद करावे व माहितीची प्रत ठेवावी, असे तीत सांगितलेले होते.

विंडोजवरील प्रकरण मिटत असतानाच लिनक्सवर त्याचा दुसरा अंक सुरू झाला. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ६.१ या आवृत्तीपासून लिनक्सचा गाभा टीपीएमकडून यादृच्छिक संख्या नियमितपणे मागू लागला. गुप्त किल्ल्या तयार करण्यासाठी अशा संख्या लागतात व त्या अनेक स्रोतांतून घेणे श्रेयस्कर मानले जाते. परंतु एएमडीच्या एफटीपीएमला प्रत्येक मागणी म्हणजे अडखळण्याचे नवे निमित्त ठरले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सदोष फर्मवेअर-आवृत्त्या ओळखून तेथे ही मागणी बंद करणारी दुरुस्ती झाली. तथापि सुधारलेल्या म्हणून गणलेल्या आवृत्त्यांवरही तक्रारी येतच राहिल्या. जुलै २०२३ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हॉल्ड्‌स यांनी यावर उघड नाराजी व्यक्त करून एएमडीच्या एफटीपीएमचा या कामी उपयोगच बंद करावा, अशी सूचना केली. प्रोसेसरमध्ये यादृच्छिक संख्या देणारी स्वतंत्र आज्ञा उपलब्ध असताना या मंद मार्गाची गरज काय, हा त्यांचा प्रश्न होता. त्याप्रमाणे ऑगस्ट २०२३ मधील ६.५ या आवृत्तीत सर्व एएमडी एफटीपीएमांकडील ही मागणी थांबविण्यात आली. त्यांचा निर्णय कठोर वाटला, तरी सदोष आवृत्त्यांची यादी सतत वाढवीत बसण्यापेक्षा तो व्यवहार्य होता.

ज्या संरक्षणासाठी हा त्रास सोसला गेला ते कितपत भक्कम होते, हाही प्रश्न त्याच सुमारास उपस्थित झाला. एप्रिल २०२३ मध्ये बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातील संशोधकांनी एएमडीच्या सुरक्षा-प्रोसेसरचा विद्युत् दाब क्षणमात्र ढळवून एफटीपीएममधील गुपिते बाहेर काढता येतात, असे दाखविले. त्यासाठी संगणक दोनतीन तास हाती असावा लागतो. स्वतंत्र चिपही निर्धोक नाही. तिच्या व प्रोसेसरच्या मधील तारांवरून जाणारी बिटलॉकरची किल्ली २०२४ मध्ये एका स्वस्त सूक्ष्मनियंत्रकाच्या साहाय्याने मिनिटाच्या आत टिपून दाखविण्यात आली. दोन्ही हल्ल्यांना संगणक प्रत्यक्ष हाती असावा लागतो, त्यामुळे घरगुती वापरकर्त्याने त्यांची फार धास्ती घेण्याचे कारण नाही. चोरीस गेलेल्या कार्यालयीन संगणकाची गोष्ट मात्र वेगळी. २०२२ पासून रायझनच्या काही मालिकांत मायक्रोसॉफ्टने आखलेला प्लूटन हा निराळा सुरक्षा-प्रोसेसरही बसविला जाऊ लागला.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला आणि इतके दिवस जुन्या प्रणालीवर राहिलेले अनेक संगणक विंडोज ११ कडे वळविण्याची वेळ आली. २०१७ मधील पहिल्या पिढीचे रायझन प्रोसेसर त्या प्रणालीच्या अधिकृत यादीत नाहीत. त्यानंतरच्या पिढ्यांतील बहुतेक आहेत. यांपैकी ज्या मदरबोर्डांवर मे २०२२ पूर्वीचे बायॉस अद्याप आहे, तेथे एफटीपीएम प्रथमच चालू केल्यावर हा दोष नव्याने दिसू शकतो. अशा वेळी खोके उघडण्यापूर्वी संगणक सुरू होताना दिसणारा बायॉसचा दिनांक वाचणे पुरेसे असते.